दुसऱ्या वेळची गाठ

जलालुद्दीनच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ नागपूरच्या सर्जननं २००४ साली कापून काढली. दोन वर्षांनी तपासणीत दुसरी दिसली, सुपारीएवढी.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी राइस मिलांची यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस एरवी तासन्‌तास एका मशीनपुढे बसायचा. त्या आठवड्यात तो जेवतानाही अर्ध्यावर उठू लागला.

नागपुरात दोन डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. सर्जनचं म्हणणं, पुन्हा पोट उघडून गाठ आजूबाजूच्या भागासकट काढू. त्या जागी ती परत यायची शक्यता कमी, पण लिव्हर आधीच कडक झालंय, ऑपरेशन जड जाऊ शकतं. दुसरे डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफीत बघत कातडीतून सुई घालू आणि तिच्या टोकाच्या उष्णतेनं गाठ जाळू. दोन-तीन दिवसांत घरी. मात्र कडेला गाठीचा एखादा भाग जिवंत राहू शकतो. लिव्हरमध्ये दुसरीकडे नवी गाठ येणार नाही, याची हमी दोघांनीही दिली नाही.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकणारी मुलगी अदीबा ऑपरेशनवर अडून बसली. बायको हाजराही तेच म्हणाली. काढून टाकलं की सुटलो, असं दोघींना वाटत होतं. जलालुद्दीन हो म्हणाला.

भरतीच्या दिवशी हाजरा केसपेपरच्या रांगेतून परतली, तर बाकावर नुसती पिशवी. तिनं वॉर्ड पाहिले, चहाच्या टपऱ्या पाहिल्या. शेवटी तो बसस्टँडवर सापडला, फलाटावर येरझारा घालत. मूलच्या दोन गाड्या त्याच्यासमोरून सुटल्या होत्या. तो एकीतही चढला नव्हता.

हाजराला रागावताही आलं नाही. ती तिथंच फलाटाच्या कडेला बसली.

"मराचं भेव नाई मले," तो म्हणाला. "मागच्या वेळी पोटात पाणी भरलं. तीन महिने तू मले उचलून बसवत होती. तुयी कंबर गेली, ते मले दिसत नव्हतं का?"

"मंग डॉक्टरले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी दोघी ऑपरेशनच म्हणत होत्या."

हाजरानं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "मलेबी भेवच होतं. सुईनं थोडं राहून गेलं, तर मीच चुकली असं झालं असतं."

दोघं परत गेले. पोटातल्या पाण्यावरचे उपचार चंद्रपुरात झाले होते आणि ते कागद घरीच होते, त्यामुळे सर्जनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळं ऐकून त्यानं पुन्हा रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं की, असं असेल तर कापण्यात धोका जास्त. गाठ लहान आहे, मोठ्या रक्तवाहिनीपासून दूर आहे; सुईच बरी.

सुईनंतर तिसऱ्या दिवशी तो घरी आला. महिन्याभरानं स्कॅनमध्ये एका कडेला नखाएवढा भाग जिवंत दिसला. अदीबा रडली, मी सांगत होते, एवढंच म्हणत राहिली. हाजरानं तिला जवळ घेतलं, पण स्वतःलाही त्या रात्री झोप लागली नाही. सुई पुन्हा घातली. पुढच्या स्कॅनमध्ये ती जागा साफ होती आणि धानाच्या हंगामात तो मिलवर जाऊ लागला.

२००९च्या उन्हाळ्यात लिव्हरच्या दुसऱ्या भागात हरभऱ्याएवढी नवी गाठ निघाली. या वेळी कोणी कोणापासून काही लपवलं नाही. अदीबानं तिघांचे प्रश्न एका कागदावर लिहिले, चंद्रपूरचे कागद सोबत घेतले आणि सकाळच्या गाडीनं तिघं नागपूरला निघाले.