कोहळ्यावरचा पहिला घाव

सुलोचनानं खाटेखाली हात घालून कोहळं ओढलं, तसं ते हातातून निसटून घरंगळत उंबऱ्याकडे निघालं. तिनं पायानंच अडवलं, मग पाय लागला म्हणून त्याला हात लावून तो हात कपाळाला नेला. गोठ्यावरच्या वेलाचं हे यंदाचं पहिलं पिकलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा. पाच किलोच्या खाली नव्हतं, आणि साल अशी टणक की नख रुतत नव्हतं.

"हेच काय?" खाटेवरून इश्वरनं विचारलं. त्याचा आवाज आता कागद चुरगळल्यासारखा यायचा.

"हेच. दुसरे दोन वेलावरच हायेत. पिकाले लागले."

"पातळ करजो. माय करे तसं."

"तसंच करीन जी."

तीन दिवसांत त्याच्या गळ्याखाली पाण्याशिवाय काही उतरलं नव्हतं, आणि पाणीसुद्धा तो घोट मोजून प्यायचा. आज दिवस कलताना त्यानं आपण होऊन खायला मागितलं तेव्हा सुलोचनाला काय करू आणि काय नको असं झालं. तिनं कण्या पाखडल्या, लसूण सोलला, चुलीवर गंजात पाणीसुद्धा ठेवलं. पाण्याला आधण आलं तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की कोहळं फोडायचं आहे आणि ते फोडणार कोण. एरवी ही गोष्ट तिला झोपेतही आठवली असती. आनंदानं माणूस असा खुळा होतो.

अख्ख्या कोहळ्याला बाईनं सुरी लावायची नाही. पहिला घाव पुरुषाचा. तो एकदा पडला की मग बाईनं पावशीवर, म्हणजे विळीवर, हव्या तेवढ्या फोडी चिराव्या. का, ते विचारण्यात अर्थ नव्हता. कुणी म्हणे कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, कुणी आणखी काही सांगे. पण ज्या घरची बाई कोहळं फोडते त्या घरचा माणूस जातो, यावर आंधळगावातल्या सगळ्या बायांचं एकमत होतं. नवरा जिवंत असताना कुणी तसं केल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं; घरात पुरुषच उरला नाही, की मगच बाई स्वतः फोडे.

आणि या गल्लीत तो घाव घालण्याचा मान इतकी वर्षं इश्वरचा होता. घरातल्याच पुढच्या खोलीत त्याचं किराण्याचं दुकान. गल्लीतले बाकीचे पुरुष दिवसभर धानाच्या बांध्यांत, हा एकटा घरी. त्यामुळे बाया कोहळं घेऊन त्याच्याकडेच यायच्या. तो तराजू बाजूला सारायचा, गूळ कापायची लांब सुरी घ्यायचा, कोहळ्यावरून चौफेर अंगठा फिरवून जागा शोधायचा आणि एका घावात दोन फाका करायचा. त्याला त्याचा भारी तोरा होता. काही विकत न घेता नुसतं कोहळं घेऊन आलेल्या बाईला तो खुशाल पायरीवर ताटकळत ठेवायचा. मागच्या घरची जनाबाई तर हमखास सापडायची. नवरा मेलेला, एकुलता एक लेक भिलाईला कामाला. त्या लेकाच्या जिवाला भिऊन ती कोहळं घेऊन यायची. "थांब न काकी, गिऱ्हाईक हाये," म्हणून हा त्या गिऱ्हाइकाशी निवांत गप्पा हाणायचा. सुलोचना आतून पाहायची. एकदाही ती काही बोलली नव्हती.

दसऱ्यापासून दुकानाच्या फळ्या बंद होत्या. कोहळी आता दोन घरं सोडून कवडूकडे जात, तो संध्याकाळी शेतातून आला की. इश्वरला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण खाट फळ्यांना लागूनच होती आणि कान अजून शाबूत होते.

तिनं त्याच्या पाठीशी उशी लावली, कोहळं पाटावर ठेवून पाट मांडीशी सरकवला आणि गुळाची सुरी हातात दिली. त्यानं मूठ आवळली. मनगटावरच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. पातं सालीवर टेकलं, थरथरलं आणि घसरून पाटावर आपटलं. त्यानं पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच झालं. सालीवर पांढरा ओरखडा उठला, तेवढाच. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

"धार नाही सुरीले," तो म्हणाला.

"नाहीच जी. बोथट झाली," सुलोचना म्हणाली. दुपारीच तिनं त्या सुरीनं नारळाच्या शेंड्या सपासप कापल्या होत्या.

ती सुरी घेऊन मागच्या अंगणात आली आणि विहिरीकाठच्या दगडावर घासू लागली. अंधार पडत होता. दोन्ही अंगणांमधल्या कुडापलीकडे जनाबाई राखेनं भांडी घासत होती.

"सुरी कायले घासून राहिली व?"

"यायनं कोहळ्याचं पातळ मांगितलं."

"मांगितलं? बरं झालं बाई!" जनाबाई हातातली राख झटकून उभीच राहिली. "मंग?"

"हात नाही चालत त्यायचा."

"कवडूले हाक मार. आताच आला तो खळ्यावरून."

"घरात माणूस असून कवडूले बोलावू? त्यायच्या डोळ्यापुढं?"

जनाबाई पुन्हा भांड्यांपाशी बसली. मग म्हणाली, "मी येतच होती न तुमच्या दारी. मले काय झालं? पायरीवर उभं राहा लागते. पाय दुखते, दुसरं काय."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, आणि म्हणूनच सुलोचनाला मान वर करता येईना. जनाबाई भांडी उचलून आत गेली. सुलोचना सुरी घासत राहिली. कवडूला बोलावलं तर हा कोहळ्याकडे पाहणारही नाही, भिंतीकडे तोंड करून पडेल. नाही बोलावलं तर उद्या चौथा दिवस. सानगडीला दिलेली लेक आणि जावई केवळराम यायला रविवार उजाडेल, आणि रविवारपर्यंत हा पाण्यावर राहील? नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात महिनाभर गळ्याला मशीनचा शेक दिल्यावर डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरी न्या आणि जे मागतील ते खाऊ घाला. घरी येताना एसटीत तिनं इश्वरला सांगितलं, संक्रांतीपर्यंत आराम पडेल म्हणतात. त्यानं मान डोलावली होती.

जे मागतील ते. आणि त्यानं मागितलं होतं.

ती आत गेली. "धुऊन आणतो कोहळं, मातीच हाये सगळी," म्हणून पाटासकट ते उचलून मागं घेऊन आली. विहिरीकाठी तिनं ते उलटं केलं. बुडाशी, जिथं ते गोठ्याच्या कौलांवर टेकलेलं असायचं, तिथं साल फिकट पिवळी आणि जरा मऊ होती. तिनं आधी हात जोडले. "माह्या हातानं होऊन राहिलं," ती पुटपुटली, "जे लागाचं ते मले लागू दे." मग सुरीचं टोक टेकवलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. टोक घुसलं. तिनं ते तसंच बोटभर ओढलं, आणखी बोटभर आतवर दाबलं. तेवढ्यावरच सुरी काढून घेतली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि इतकी भीती तिला नागपूरच्या दवाखान्यातही वाटली नव्हती. चिरेतून आलेला ओलावा तिनं पदरानं टिपला, चीर बाजूला येईल असं कोहळं वळवलं आणि आत आणलं.

"घ्या जी. मस्त धार लागली आता."

इश्वरनं सुरी घेतली, पण लगेच लावली नाही. जुन्या सवयीनं डाव्या हाताचा अंगठा कोहळ्यावरून फिरवू लागला. सुलोचना चुलीकडे पाहू लागली. गंजातलं पाणी खळखळत होतं. अंगठा फिरत फिरत बाजूला आला आणि थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे. तिला वाटलं, आता हा कोहळं पायानं ढकलून देणार.

"धरून ठेव," तो म्हणाला.

तिनं दोन्ही तळवे कोहळ्याला लावले. त्यानं नेमकं त्याच जागी पातं ठेवलं आणि उरलंसुरलं वजन त्यावर टाकलं. ते फारसं नव्हतं. तरी कोहळं करकरलं, चीर वर सरकत गेली आणि दोन फाका पाटावर उताण्या पडल्या. आतला गर केशरी, भरदार होता.

"लागली धार," तो उशीला टेकत म्हणाला.

"लागली," ती म्हणाली.

पुढचं सगळं तिच्या हातचं होतं. बिया काढून तिनं सुपात वाळत घातल्या, पावशीवर फोडी केल्या, कण्यांबरोबर गंजात शिजायला टाकल्या. गर अगदी मेण झाल्यावर डावानं घोटला आणि धुतलेल्या धोतराच्या तुकड्यातून गाळला, म्हणजे एकही रेषा त्याच्या गळ्यात अडकू नये. मीठ, गुळाचा एवढासा खडा. सासू यात जवसाच्या तेलात लसूण आणि लाल मिरची परतून घालायची. मिरची तर आता नकोच, आणि फोडणीच्या धुरानंही त्याला ठसका लागला असता. म्हणून तिनं अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीवर कढली ठेवून लसूण-जिऱ्याची फोडणी केली आणि ताटलीखाली झाकून आत आणली. तेवढ्यानंही घरात सासूच्या हाताचा वास दरवळला. इश्वरनं डोळे उघडले.

पहिला चमचा बराच वेळ त्याच्या तोंडातच राहिला. मग गळ्याची गाठ वर गेली, डोळे घट्ट मिटले, कडांना पाणी आलं. घोट उतरला. सुलोचनाचाही श्वास तेव्हाच सुटला. दुसरा उतरला. तिसऱ्यानंतर त्यानं थोडं थांब म्हणून हात केला, मग तोंड उघडलं. सात चमचे झाले. सुलोचनाला इतका आनंद झाला की आपण मघाशी काय केलं तेही क्षणभर ती विसरली. आज सात, उद्या दहा, असा हिशेब तिच्या मनात सुरूही झाला.

"बुडाकडून फोडलं होतं तू," इश्वर म्हणाला.

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. 

"मले भेव वाटे," ती म्हणाली. "तुमच्या जिवाले लागंन म्हणून. पन तुम्ही उपाशी..."

"डॉक्टर बोलला ते ऐकलं होतं मी. पडदाच होता मधात." तो थांबला, दम घेतला. "माह्या जिवाचं काय कापशील तू आता?"

सुलोचना रडली नाही. रडली तर त्याला तिची समजूत घालत बसावं लागेल, आणि तेवढा आवाज त्याच्यापाशी नव्हता. तिनं त्याच्या हनुवटीवर ओघळलेलं पातळ पदरानं पुसलं.

"वेलावरचे ते दोन," तो म्हणाला, "पिकले का तूच फोडजो. माह्यापाशी आनू नको. कवडूपाशीही नेऊ नको." पुढचं बोलायला त्याला बराच वेळ लागला. "जनाकाकीले लय उभं ठेवलं मी. हासून हासून ठेवलं. तू कोनाच्या पायरीवर उभी राहू नको."

त्याचे डोळे मिटले. ती तशीच बसून राहिली आणि त्याच्या छातीवरच्या चादरीकडे पाहत राहिली. चादर वर येत होती, खाली जात होती. तो झोपला होता. पोटात अन्न पडल्यामुळं आलेली झोप होती ती.

गंजात बरंच पातळ उरलं होतं. तिनं एक मोठी वाटी भरली आणि मागच्या दारानं कुडापाशी गेली. हाक मारताच जनाबाई बाहेर आली.

"घ्या काकी. गरम हाये."

"खाल्लं काय त्यायनं?" जनाबाईनं दोन्ही हात पुढं केले. "आन फोडलं कोनं? कवडू आला होता?"

'यायनंच' हा शब्द सुलोचनाच्या जिभेवर तयार होता. अंगणातून येताना तिनं तो दोनदा घोकलाही होता.

"मी," ती म्हणाली.

जनाबाईचे हात वाटीपाशी येऊन थांबले. तिनं सुलोचनाच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून पुढच्या खोलीतल्या दिव्याकडे. वाटी हळूच घेऊन आपल्या भांडी घासायच्या दगडावर ठेवली. डोक्यावरचा पदर सावरला.

"कधी व?" तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं.

तिनं काय विचारलं ते सुलोचनाला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं कुडाची काठी घट्ट धरली.

"नाही, नाही काकी. हायेत. सात चमचे घेतले, झोपले आता. हायेत अजून."

अजून. नागपूरहून आल्यापासून हा शब्द तिनं कुणाजवळ काढला नव्हता, लेकीजवळही नाही. आता तो तोंडातून गेला होता आणि परत घेता येत नव्हता. ती तशीच कुडाला टेकली.

 कुडाचं फाटक उघडून जनाबाईनं सुलोचनाचा दंड धरून तिला आत घेतलं, घरातून पाट आणून आपल्या ओसरीवर टाकला आणि म्हणाली,

"बस थोडी. उभी नको राहू."