गिअरबॉक्सला शेक

सकाळी सात वाजता ओइवा म्हाताऱ्याने खिडकीच्या काचेवरची बर्फाची साय नखाने खरवडली आणि बाहेर पाहिलं. दोन गोष्टी दिसल्या. दोन्ही त्याला पटल्या नाहीत.

पहिली म्हणजे थर्मामीटर. उणे छत्तीस. खरं तर चाळीसच असणार, पण छत्तिसाच्या खाली उतरायची त्या थर्मामीटरची छाती नव्हती. थंडी अशी होती की सूर्य डोंगराआडून नुसता डोकावला आणि पुन्हा पांघरुणात शिरला.

दुसरी गोष्ट म्हणजे गोठलेल्या तळ्यापलीकडे, तेन्होच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून निघालेला धूर. काठीसारखा उभा. आणि आज होता शुक्रवार! सौना शनिवारी तापवायचा असतो, हे त्या मुलखात रेनडिअरच्या पाडसालाही ठाऊक असतं.

"गेलं वाटतं डोकं त्याचं," ओइवा पुटपुटला.

"कोणाचं, आजोबा?" आतून सायमीने विचारलं. सायमी त्याची नात, सतरा वर्षांची.

"कोणाचं नाही. तू झगा चढव."

तेन्होचं नाव त्याने ऑक्टोबरपासून तोंडातून काढलं नव्हतं. तेन्हो म्हणजे साठ वर्षांपासूनचा दोस्त आणि एके काळी पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या मोटारींचा वैद्य. आता हत्यारं खुंटीला टांगून तो बर्फाला भोकं पाडायचा आणि मासे धरायचा. ऑक्टोबरात ओइवा आपल्या लाल, दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सात नवं तेल भरत होता. नवं म्हणजे काय, तर ट्रकच्या दिवसांतलं पिंपाच्या तळाशी उरलेलं. तेन्होने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हे ट्रकचं तेल. फार घट्ट आहे. थंडीत डांबर होईल याचं."

ओइवाने चाळीस वर्षं ट्रकमधून लाकडाचे ओंडके वाहिले होते. "चाळीस वर्षं गिअर टाकतोय मी. आता तू मला गिअर शिकवणार?"

"गिअर नाही. तेल," तेन्हो म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला.

त्यानंतर चार महिने दोघांत शब्द नाही. आता त्या मुलखात दोन म्हातारे चार महिने बोलले नाहीत, तर त्याला भांडण म्हणायचं की हिवाळा, हे सांगणं अवघड. पण कॉफीही बंद झाली होती, म्हणजे भांडणच.

आणि नेमकी आज त्या गाडीची परीक्षा होती. शाळेतला सगळ्यात वरचा वर्ग फेब्रुवारीत अभ्यासाला घरी बसला, की त्याच्या खालचा वर्ग शाळेतला 'म्हातारा' होतो. त्या दिवशी ही सतरा वर्षांची म्हातारी मंडळी जुन्या काळचे झगे आणि शेपटीवाले कोट घालून नाचतात. नाचाला येतात तीही थाटात, कोणी अग्निशामक बंबावर, कोणी फुलं लावलेल्या ट्रॅक्टरवर. सायमी सहा वर्षांची होती तेव्हा ओइवा निवृत्त झाला आणि आलेल्या पैशातून ही गाडी घेऊन आला. पोर आत बसून चाक फिरवायला लागली, तेव्हा तो म्हणाला होता, "तू म्हातारी झालीस ना, की तुला यातूनच नेईन."

पोरीने ते वाक्य अकरा वर्षं जपून ठेवलं. तिच्या बापाने दक्षिणेत दुसरा संसार थाटला होता. तो पोरीला दर उन्हाळ्यात शब्द द्यायचा आणि दर उन्हाळ्यात मोडायचा. आई नॉर्वेत परिचारिका, तिला रजा मिळाली नव्हती. तेव्हा या घरातून निदान एका माणसाचा शब्द तरी खरा निघायला हवा, असं ओइवाने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर सात-वीसची शाळेची बस त्यांनी डोळ्यांदेखत जाऊ दिली. पावणेदहाला मिरवणूक, शाळा एकतीस किलोमीटरवर.

इंजिनाला रात्रभर विजेचा हीटर लावला होता. किल्ली फिरवताच ते मांजरासारखं गुरगुरलं. ओइवा खूश. पहिला गिअर जरा कुरकुरत पडला. गाडी कोठारातून बाहेर आली, अंगण ओलांडलं, टपालपेटीपाशी पोचली. आता दुसरा.

कर्रर्र!

हा आवाज तळ्यावरून पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गेला. ओइवाने पुन्हा दांडा ओढला. कर्रर्र. ट्रकवाल्यांची जुनी युक्ती केली, क्लच दोनदा दाबला. दांडा जागचा हलेना. तिसरा बघितला. तोही तसाच.

ओइवाच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या त्या थंडीतही गरम झाल्या. हीटरने इंजिन ऊबदार झालं होतं, पण मागचा गिअरबॉक्स बिचारा रात्रभर उघड्यावर झोपल्यासारखा. गिअर बदलताना आतल्या चक्रांचा वेग जुळवायला पितळेची कडी असतात. तेल पातळ असेल तर ती आपलं काम करतात. काकवीत पाय रुतल्यावर कोण नाचेल? त्याने गाडीखाली शिरून गिअरबॉक्सचं तेल भरायचं बूच काढलं आणि आत एक काडी घालून पाहिली. ती बाहेर ओढताना अख्खी गाडी दोन बोटं वर उचलली गेली, असं तो पुढे सांगायचा. एक बोट आपण सोडून देऊ.

"आजोबा," सायमी काचेतून म्हणाली, "पहिल्या गिअरमध्येच गेलो तर?"

"जाऊ की."

"मग पोचेपर्यंत मी खरीच म्हातारी होईन."

ओइवा हसला नाही. तो तसाच बर्फात बसून राहिला. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"तेन्होकाकांना फोन करू? त्यांची व्हॅन आहे."

"त्या मासळीच्या व्हॅनमधून? नाचाला उतरशील तेव्हा गावची सगळी मांजरं जोडीदार म्हणून उभी राहतील."

"चालेल मला," ती हळूच म्हणाली. "खरंच चालेल, आजोबा."

हे तिचं 'चालेल' ओइवाच्या ओळखीचं होतं. बापाचा फोन आला की ती असंच म्हणायची.

तेवढ्यात तळ्यावरून घसरगाडी ओढत कोणीतरी येताना दिसलं. तेन्होच. घसरगाडीवर लोखंडी घमेलं, त्यावर झाकण, वरून रेनडिअरचं कातडं गुंडाळलेलं. खांद्यावर चिंध्यांच्या विणलेल्या चार सतरंज्या.

तो गाडीपाशी थांबला. भुवयांवर बर्फ जमलेलं. सायमीला म्हणाला, "झगा छान आहे." मग ओइवाकडे न बघता, "दुसरा?"

"दुसरा."

"तिसरा?"

"तोही."

"हं."

ओइवा टोमण्याची वाट बघत राहिला. मी सांगितलं होतं, असं तेन्हो एकदा म्हणाला असता तर ओइवालाही चार शब्द सुनावता आले असते. टोमणा आलाच नाही. त्याने ओइवाला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

तेन्होने झाकण काढलं. आत सौनाच्या भट्टीतले दगड. लाल नव्हते, पण हात धरवेना इतके तापलेले. इंजिन बंद करून त्याने घमेलं बरोबर गिअरबॉक्सच्या खाली सरकवलं आणि सतरंज्या गाडीच्या चारी बाजूंनी सोडल्या, बाळंतिणीच्या बाजेला पडदे सोडतात तशा. हाताशी बर्फाची बादली ठेवली, चुकून काही पेटलं तर असावी म्हणून.

"आता शेक बसू दे," तो म्हणाला. "आपल्या आया सौनातच बाळंत झाल्या. हिचाही होऊ दे एक पुनर्जन्म."

"किती वेळ?"

"घाई केलीस तर दीड तास. नाही केलीस तर पाऊण."

दोघं म्हातारे दोन ओंडक्यांवर बसले. सायमी आतून कॉफी घेऊन आली, झग्यावर सकाळपासून आवळलेला आजोबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट तसाच ठेवून. चार महिन्यांनी तेन्होच्या हातात त्या घरचा पेला आला. त्याने तो संपवला आणि पुढे केला. तिने पुन्हा भरला. ऊब जाणवली म्हणून जंगलातून तीन रेनडिअर आले आणि गाडीला शेपट्या लावून उभे राहिले. सहा होते असंही काही जण म्हणतात. तेन्होने हुसकायला हात उचलला तर सायमी म्हणाली, "राहू दे काका, आडोसा होतोय."

आठ पन्नासला तेन्होने हात आत घालून गिअरबॉक्स चाचपला, घमेलं आणि सतरंज्या ओढून काढल्या. "बस आत."

ओइवाने इंजिन सुरू केलं. क्लच दाबला. दांडा ओढला. दुसरा गिअर असा पडला, जसा लोण्यात चमचा. तिसरा, चौथा. त्याने काच खाली केली.

"तेन्हो."

"वेळ जातोय."

"शुक्रवारी सौना कशाला तापवलास?"

"पाठ धरली होती. जा आता."

गाडी निघाली. खिळ्यांचे टायर बर्फावर चुरचुरले. आणि वळणावर नवंच संकट उभं राहिलं. कोट काढून सायमी नीट बसली, तसा तो निळा झगा, त्याच्या खालच्या तारांच्या कड्यांसकट, फसकन फुगला आणि अर्धी गाडी भरून गेली. गिअरचा दांडा त्याच्यात कुठे बुडाला, पत्ता लागेना.

"अगं, दांडा कुठे गेला?"

"माझ्या हातात आहे!"

"मग तूच टाक. मी क्लच दाबतो. मी म्हणालो की ओढायचा. जोर नाही लावायचा, त्याला वेळ द्यायचा. दुसरा!"

"टाकला!"

"तिसरा!"

"हा कुठला होता?"

"पाचवा! परत ये, परत ये!"

असं करत दोघं आजोबा-नात, चार पाय आणि तीन हातांनी, एकतीस किलोमीटर गेले. निम्म्या वाटेवर सायमी एकदम म्हणाली, "आजोबा, तेन्होकाकांच्या पाठीला शेक मिळालाच नाही आज."

"का?"

"दगड तर सगळे आपल्याकडे आले."

ओइवा मनात हिशेब करायला लागला. तेन्होची भट्टी जुनी, दगड नीट तापायला तीन तास लागतात. म्हणजे लाकडं पाचला पेटवली असणार. गिअर अडणार हे पाच वाजता कोणालाच माहीत नव्हतं. खुद्द ओइवालाही नाही. ज्याला माहीत होतं, तो अंधारात उठून, थर्मामीटर बघून, लाकडं फोडत बसला होता. आणि फोन करून 'गाडी काढू नकोस' असंही म्हणाला नव्हता. म्हणाला असता, तर ओइवाने हट्टाने काढलीच असती, हेही त्याला ठाऊक होतं.

"आजोबा, वारा लागतोय का डोळ्यांना?"

"लागतोय."

"काचा तर बंद आहेत."

"तू गिअरकडे लक्ष दे."

मिरवणुकीत ते शेवटचे पोचले, बंबाच्या आणि ट्रॅक्टरच्या मागे. पण पोचले. नऊ चव्वेचाळीस. सायमी दार उघडून उतरायला गेली तर झगा आधी उतरला आणि ती मागून. जोडीदार मुलगा फाटकाशी हात चोळत उभा होता. त्याच्याकडे जाण्याआधी ती वळली, वाकून आत आली आणि आजोबांच्या बर्फाळ मिशीवर ओठ टेकवले. ओइवाला तेवढं पुरलं. पुढचे दहा हिवाळे पुरलं असतं.

संध्याकाळी पाचला घरच्यांसाठी पुन्हा नाच होता. ओइवाकडे दोन तिकिटं होती, एक स्वतःचं आणि एक लेकीचं, जिला रजा मिळाली नव्हती. तो दुपारी घरी आला तो थेट तेन्होच्या दारात.

"चल. कोट घाल."

"कुठे?"

"विचारू नको. गाडी गरम आहे तोवर चल."

शाळेच्या व्यायामशाळेत दोघं बाकावर बसले. शेवटून दुसरा वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने गरगरायचा नाच, हा घरच्यांचा. पोरी आपापल्या बापाला उठवायला येतात. ओइवा दोन आठवडे स्वयंपाकघरात खुर्ची धरून त्याची तयारी करत होता. सायमी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, हात पुढे केला.

ओइवाने त्या हाताकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या तेन्होकडे. तेन्होला मूल नव्हतं. कोणाची पोर त्याला नाचायला बोलवायला आजवर आली नव्हती, आणि कधी येणारही नव्हती.

"गुडघा," ओइवा म्हणाला आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवून कण्हला. "सकाळी थंडीत बसलो ना. नाही जमायचं. तेन्हो, तू जा."

सायमीने आजोबांकडे रोखून पाहिलं. काल याच माणसाला तिने दोन गाड्या लाकडं फोडताना पाहिलं होतं. पण ती आजोबांचीच नात. पापणीही न हलवता तिने हात तेन्होकडे वळवला. "या ना, काका."

"मला येत नाही," तेन्हो घाबरून म्हणाला.

"मला कुठे गिअर येत होते?"

तेन्हो उठला. जाड लोकरी नमद्याचे बूट घालून, खांदे आखडून, तो मधोमध गेला. दोनदा तिच्या पायावर पाय दिला, एकदा शिक्षिकेच्या. मग हळूहळू अंग सैल झालं. ती निळी फुगलेली छत्री आणि तो करडा म्हातारा असे काही गरगरले, की बाजूच्या जोड्या वाट देऊन थांबल्या. ओइवा बाकावर बसून बघत होता. इतकं भरून आल्यावर माणसाने काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो टाळ्या वाजवत राहिला. वॉल्ट्झ संपल्यावरही.

तेन्हो परत येऊन धापा टाकत बसला.

"कसा आहे गुडघा?" तेन्होने विचारलं.

"दुखतोय," ओइवा म्हणाला आणि गुडघा चोळायला लागला.

"मघाशी डावा होता."

ओइवाने आपल्या हाताकडे पाहिलं. हात उजव्यावर होता.

"दोन्ही," तो म्हणाला.

"हं," तेन्हो म्हणाला आणि टोपीने तोंड पुसलं.