गल्ल्यामागची खुर्ची

जावयाचं तोंड बघितलं की खिळेमामांना सकाळचा चहासुद्धा कडू लागायचा. तोंड तसं वाईट नव्हतं. पण दुकानाचं शटर वर करायच्या वेळेला ते रोज न चुकता हजर असायचं, हाच त्याचा गुन्हा. एकुलत्या एका मुलीनं परस्पर जमवलेलं लग्न, आणि नवरा कसला, तर गुबगुबीत, गोडबोल्या आणि कामधंद्याच्या नावानं बोंब. मामांनी त्याला दुकानात घेतलं ते जावई म्हणून नव्हे, डोळ्यांसमोर राहावा म्हणून. तेव्हापासून सासरा-जावई एकमेकांना पाण्यात पाहत होते आणि मधल्या मधे मुलगी दोघांचे डबे भरत होती.

दुकान खिळ्यांचं, स्क्रूंचं, कड्या-बिजागऱ्यांचं, नळाच्या तोट्यांचं. फरशीपासून छतापर्यंत लाकडी खण आणि त्यांना टेकलेली एक शिडी. मामा दिवसभर त्या शिडीवर असायचे. अंगावर मांस असं नव्हतंच, म्हणून तर सुतार, प्लंबर, रंगारी त्यांना खिळेमामा म्हणायचे. दुपारी डब्यातले चार घास उभ्या उभ्या पोटात टाकले की पुन्हा वर. गल्ल्यामागे एक स्टूल होतं, पण बसायला फुरसत कुणाला?

एकदा मात्र जावई दमून त्या स्टुलावर टेकला. मामांनी भर गिऱ्हाइकांत त्याला उठवलं.

"ही जागा मालकाची. बूड टेकवायचं तर आपल्या बापाच्या दुकानात जाऊन टेकवा, जावईबापू."

गिऱ्हाइकं हसली. जावई कानापर्यंत लाल झाला, उठला आणि शिडी चढला. मग मामांनी त्याला उतरूच दिलं नाही. खालच्या खणात तीच कडी असली तरी "वरची बघ" म्हणायचे. तो घाम गाळत चढायचा, हे खालून बघत राहायचे. अशी किती वर्षं गेली ते दोघांनाही सांगता आलं नसतं, पण विसरला कुणीच नव्हता.

आणि मग एक दिवस मामाच घसरले. हाड मोडलं नाही, घोटा तेवढा सुजला, पण तेवढ्यात जावयानं डाव साधला. मामा लंगडत दुकानात आले तर गल्ल्यामागे मऊ गादीची, गोल फिरणारी खुर्ची! रोज लागणाऱ्या मालाचे डबे तिच्याभोवती हाताच्या अंतरावर मांडलेले. डाव्या हाताला थर्मास, त्यात गोड चहा. उजव्या हाताला पत्र्याचा मोठा डबा, त्यात बटाट्याचे तळलेले काप आणि क्रीमची बिस्किटं.

"मामा, तुम्ही बसायचं. मालकानं बसायचं असतं, तुम्हीच शिकवलंत," जावई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

प्लंबर म्हणाला, "असा जावई मिळायला नशीब लागतं, मामा."

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बसले. घोटा बरा झाला तरी बसलेच. कारण एकदा ते मागे लघवीला गेले आणि परत येऊन बघतात तर जावई खुर्चीत! एक पाय दुसऱ्यावर टाकून रंगाऱ्याशी भाव बोलत होता, जणू बापजाद्यांची गादी. त्या दिवसापासून मामांनी ठरवलं, मरेन पण उठणार नाही. पाणी कमी केलं, म्हणजे मागे जायला नको. जेवण खुर्चीत, डुलकी खुर्चीत. हात रिकामा राहिला की आपोआप डब्यात जायचा. पूर्वी त्याच हातात शिडीची दांडी असायची.

वर्ष सरता सरता खिळेमामांचं नाव तेवढं खिळ्याचं राहिलं. पोट गल्ल्याला टेकू लागलं. पाय संध्याकाळी असे सुजायचे की चपला घालताना मुलीला खाली वाकावं लागायचं. घराचा एक जिना, तोही मधे थांबून. शेवटी मुलीनं दम भरून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. रक्तातली साखर चढलेली, मांड्यांतलं बळ गेलेलं. "असंच चाललं तर लवकरच तुम्हाला दुसऱ्यानं उचलून न्यावं लागेल. दिवसभर करता काय?"

मामांनी दुकानाचं वर्णन केलं. हात लांबवला की कडी, हात लांबवला की चहा, हात लांबवला की डबा. सांगता सांगता त्यांनाच जरा ऐट वाटली.

"ही एवढी सोय केली कुणी?"

"जावयानं."

"जावयानं की वैऱ्यानं?" बाई हसून म्हणाल्या आणि औषध लिहू लागल्या.

त्यांनी गंमत केली होती. मामांच्या मात्र ती डोक्यात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीत बसून जावयाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तो शिडीवर सरसर चढत होता, दोन खण एका हातानं ओढत होता, वरूनच सुताराशी थट्टा करत होता. लग्नातला गुबगुबीत गोळा कुठल्या कुठे गेला होता. त्याला असं तासून दिलं कुणी? आपणच! आणि आपल्याला असं फुगवलं त्यानं. मामांना संतापानं धाप लागली.

"डब्यातलं तू कधी खात नाहीस?" त्यांनी विचारलं.

"छे, मामा. मला नाही सोसत," जावई म्हणाला, आणि डबा आणखी जवळ सरकवून गेला.

मामा रात्रभर तळमळले. उठावं तर जागा जाते, बसावं तर पाय जातात. पहाटे केव्हातरी त्यांना हसू आलं. जाऊ दे की जागा!

सकाळी सुतार आणि प्लंबर दुकानात असताना मामा दोन्ही हातांचा रेटा देऊन उठले. गल्ल्याची किल्ली जावयाच्या हातावर ठेवली.

"आजपासून तू बस. मालक तू. मी थकलो."

जावई बावळटासारखा बघत राहिला. तो चलाख होता, खुर्चीत काय आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या स्टुलावरून उठवल्याची ठसठस इतकी वर्षं उरात होती आणि समोर दोन साक्षीदार उभे होते. तो बसला. गोल फिरून बघितलं. सुतारानं मामांचं मन किती मोठं म्हणून तोंड भरून कौतुक केलं. मामांनी थर्मास जावयाच्या डाव्या हाताला आणि डबा उजव्या हाताला नेमका ठेवला.

मग ते शिडीशी गेले. पहिल्या दिवशी एकच पायरी, तीही दातओठ खाऊन. पण हळूहळू पाय ओळख देऊ लागले. सूज उतरली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. डबा मात्र ते रोज स्वतः भरायचे, काठोकाठ. जावई सुरुवातीला हात लावत नव्हता. मग गिऱ्हाइकाशी बोलता बोलता एखादं बिस्किट. मग गिऱ्हाईक नसतानाही. उठायचं तर तो नावच काढत नव्हता, कारण आपण उठलो की म्हातारा बसेल ही धास्ती. मामा शिडीवरून त्याच्या मानेवरची नवी वळी बघायचे आणि त्यांना गार वाटायचं.

एका दुपारी मुलगी डबे घेऊन आली. जावयाच्या हातून किल्ली खाली पडली. तो वाकला, पण पोट आडवं आलं. तिनं ती उचलून दिली. गल्ल्याखाली तिला त्याचे सुजलेले घोटे दिसले. तिनं वर शिडीकडे बघितलं. मामांनी नजर चुकवली, पण उशीर झाला होता.

ती शिडीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या पायांत चपला मी घातल्या. आता ह्यांच्याही घालते. तुम्हा दोघांचं वैर फिटेल कधीतरी, पण मी वाकणार किती?"

 मामा खाली उतरले. पाय आता चांगले काम देत होते, त्याचीच त्यांना लाज वाटली. गल्ल्याजवळ जाऊन त्यांनी बिस्किटांच्या डब्याला हात घातला.

"हा नको आता. मी टाकून देतो."

जावयानं दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरला.

"हात काढा, मामा," तो म्हणाला. "एकदा दिलं ते दिलं. आता हे सगळं माझं आहे."