सरांचं शेवटचं उदाहरण

मी एक जुना फळा आहे. लालबागच्या एका चाळीत, मंडळाच्या अभ्यासिकेत टांगलेला. मित्रांनो, जन्माने मी गणपतीच्या सजावटीतला महाल. विसर्जनानंतर माझ्या प्लायवुडला काळा रंग फासला गेला. पाठीवर अजून अर्धा सोनेरी खांब आहे.

बावीस वर्षं राजाराम कदम सरांनी माझ्यावर फुकट गणित शिकवलं. फंक्शन ते मसाल्याच्या चक्कीवरून समजावत. आत काय टाकलं, बाहेर काय आलं, यावरून चक्कीचा नियम ओळखायचा. "x+1 ला t म्हटलं, की x म्हणजे t−1," ते बजावत. "उजवीकडच्या प्रत्येक x च्या जागी तेच घालायचं. एकालाही सोडायचं नाही." डस्टरला फक्त सर हात लावत. तो अभ्यासिकेचा रिवाज होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

शेवटच्या वर्षी सर विसरू लागले. एका संध्याकाळी त्यांनी f(x+1) = x²+2x+5 लिहिलं, x+1 = t धरलं आणि खाली सरळ f(t) = t²+2t+5 लिहून मोकळे झाले. यायला हवं होतं t²+4. बारावीतल्या मायाला चूक दिसली. तिने खडू उचललाही. मग समोर बसलेली सगळी मुलं पाहून परत ठेवला. "उद्या एकटे असताना सांगते," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर वारले.

शोकसभेत मंडळाचे सेक्रेटरी हर्षवर्धन म्हणाले, सरांचं हे शेवटचं अक्षर कायम जपायचं. माया उठली.

"दादा, ते गणित चुकलंय."

"आज सरांच्या चुका काढतेस? बस खाली."

ती बसली. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा बरंच वाटलं. माझ्यावर जाड काच आली, चारही बाजूंनी स्क्रू आले, हार आला.

पुढे मुलं माझ्यासमोर बसून तेच उतरवून घेऊ लागली. मायाचा धाकटा भाऊ वैभवही. तिने त्याला घरी परोपरीने समजावलं. तो म्हणाला, "सरांपेक्षा तुला जास्त कळतं काय?"

प्रवेश परीक्षा देऊन तो थेट इथेच मायाकडे आला, खुशीत. "ताई, आकडे वेगळे होते, पण बोर्डावरचंच आलेलं. सेम तसंच केलं मी."



वैभवची इंजिनीअरिंगची सीट दोन मार्कांनी गेली. ते गणित दोनच मार्कांचं होतं. त्यानंतर त्याने वहीला हात लावलेला नाही. आता तो घरोघरी पार्सलं पोचवतो.

निकालाच्या दिवशी माया एकटी आली. सरांचा डस्टर उचलून तिने माझ्यावर जोर लावून फिरवला. काचेवरची धूळ गेली आणि चूक आणखी स्पष्ट दिसू लागली. ती तिथेच खाली बसून रडली.

मित्रांनो, फळा जपायचा म्हणजे पुसायचा. मला हार नकोत. कुणाकडे स्क्रूड्रायव्हर असेल तर तेवढा घेऊन या.