हेडविगच्या वरच्या सुराची चकती

लांबर्ट फोसला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. फोनोग्राफचे आवाज उमटवणारे पडदे करण्यात अख्ख्या नेवार्कमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आज सख्ख्या बहिणीच्या गाण्यानेच त्याची फजिती केली होती. हेडविगच्या गाण्याची मेणाची नळी लावली आणि वरचा सूर आला की पडद्याची पातळ अभ्रकाची चकती सैल पत्र्यासारखी खडखडायची. दुपारी फोनोग्राफ कारखान्याचे मालक ऐकायला येणार होते. गाणं पसंत पडलं तर तिच्या नळ्या बाजारात जाणार, नाहीतर ती पुन्हा टोप्यांच्या कारखान्यात वाफ खायला.

त्याने रबराची कडी बदलली. मेणाचा ठिपका लावला, काढला, परत लावला. खडखड काही हटेना.

"लांबर्ट, बस रे जरा! तुझ्या येरझाऱ्यांनीच सुई उडेल."

"वरचा सूर थोडा खाली घेतलास तर?"

"मग तूच गा ना, माझा झगा घालून!" हेडविग फणकारली. "या चकत्या तू पास कशा करतोस, ते सांग आधी."

"माझ्या आवाजाची नळी लावून. खणखणीत वाजली की पास."

"आणि नापास?"

त्याने पायानेच बाकाखालचा डबा पुढे ढकलला. हेडविगने त्यातल्या चकत्या एकेक करून बसवायला लावल्या. लांबर्ट कुरकुरत होता. एका चकतीवर मात्र तिचा वरचा सूर स्वच्छ, मोकळा आला आणि त्याचं कुरकुरणं थांबलं. त्याला आनंद झाला, पण लाज त्याहून जास्त वाटली. आपलाच आवाज आपल्याला गोड, आणि त्यापायी या पठ्ठ्याने किती चांगल्या चकत्या फेकल्या होत्या कोण जाणे.

मालक क्लाउसनर आले. गाणं ऐकून त्यांनी मान डोलावली. "लांबर्ट, आता तुझी नळी लाव. सगळ्या आवाजांना यंत्रात पडदा एकच बसणार आहे."

लांबर्टने त्याच चकतीवर आपली नळी चढवली. त्याचा भारदस्त आवाज कर्ण्यातून मांजराच्या पिल्लासारखा बाहेर आला. मालकांमागे जमलेले कारागीर खो खो हसले.

"जुनीच चकती राहू दे," मालक म्हणाले. "बाजारात पुरुषांचेच आवाज खपतात."

हेडविगने टोपी उचलली. लांबर्ट लालबुंद झाला होता, तरी तो यंत्रापुढून हलला नाही.

"खपणारच, साहेब," तो म्हणाला. "पडदे मीच, माझ्या आवाजावर पास करतो ना!"

मालकांनी वाकून नापास चकत्यांच्या डब्यात पाहिलं.

"हीच चकती राहू दे. बाईंची नळी पुन्हा लाव," ते म्हणाले.