सेवालाल खाली बसतच नाही

डोळे मिटा बरं जरा. मिटले? आता तुमच्या शाळेची इमारत मनात आणा. तिच्यावर आणखी एक शाळा ठेवा. त्या शाळेवर आणखी एक. अशी मान दुखेपर्यंत शाळांवर शाळा रचा. मग या सगळ्यांच्या खालची जमीन हळूच काढून घ्या आणि तिथं पाणी ओता. थोडंथोडकं नको, नजर जाईल तिथपर्यंत. आता ही शाळांची चळत पाण्यावरून चालू लागली आहे, आणि सगळ्यांत वरच्या गच्चीवर, एका पांढऱ्या लांबलचक खुर्चीत, नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसली आहे. शेजारच्या खुर्चीवर तिनं रुमाल टाकून ठेवलाय. जागा धरायला. आपण एसटीत टाकतो तसाच. खिडकीतून टाकलेला नाही, एवढाच काय तो फरक.

उघडा डोळे. ही म्हातारी म्हणजे कामरगावची गोजराबाई. आणि जागा धरली होती ती तिच्या नातीसाठी, चौथीतल्या राखीसाठी.

आता कामरगावची माणसं समुद्रात कशी पोचली, ते सांगायला हवं. राखीच्या बाबांचं, ऋषिकेशचं, गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे. एका कंपनीचं बियाणं त्यांनी खूप विकलं, म्हणून कंपनीनं खूश होऊन जहाजाची सहल दिली. दोन मोठी माणसं, एक लहान. मोठ्यांपैकी दुसरी जागा खरं तर राखीच्या आईची, साधनाची. पण साधनाला विहिरीत डोकावलं तरी गरगरतं.

"मी नाई येत," ती म्हणाली. "इतके दिवस पान्यावर राहाले मी काय मासोळी हाय?"

मग गोजराबाई निघाली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, हळद-कुंकवाची डबी आणि घरचा टॉवेल घेऊन. "लोकायचा टॉवेल कायले वापराचा?" हे तिचं म्हणणं.

जहाजावर खोल्या आवरायला माणसं नेमलेली असतात. यांच्या खोलीसाठी एक तरुण होता. निळा कोट, चकचकीत बूट, पाणी लावून बसवलेले केस. पहिल्या सकाळी तो "गुड मॉर्निंग" म्हणत आत आला आणि दारातच थबकला. गोजराबाईनं पहाटेच गाद्या झटकल्या होत्या, चादरींच्या घड्या घातल्या होत्या आणि आता ती फरशी पुसायला फडकं शोधत होती. त्या बिचाऱ्यानं घड्या मोडल्या, चादरी पुन्हा अंथरल्या, त्यांचे कोपरे ताणून गादीखाली खोचले. तो गेल्याबरोबर आजीनं कोपरे ओढून काढले.

"एवढं घट्ट खोचलं तर मानसानं आत शिराचं कुठून?"

संध्याकाळी त्यानं पुन्हा खोचले. आजीनं पुन्हा काढले. राखी पलंगावर बसून कोण जिंकतं ते पाहत होती.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी नाश्ता करून परत आल्या, तर पलंगावर हत्ती! पांढऱ्या टॉवेलांना पीळ देऊन, दुमडून केलेला. सोंड अगदी डौलदार. राखीनं उडीच मारली असती, पण आजीनं तिला मागं ओढलं, हात जोडले, डबी काढली आणि हत्तीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं.

थोड्या वेळानं तो तरुण खोली आवरायला आला. त्यानं कुंकवाकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. टॉवेल तर न्यायला हवा होता, पण देवाची सोंड सोडवायची कुणी? तो पाठ वळवून उगाच पडदे सारखे करू लागला.

या साहेबाला आपली बोली कुठून समजणार, असं वाटून आजी मोठ्यानंच म्हणाली, "पाय व राखी, पोट्टं कसं वाळून राह्यलं. याले कोनी जेवाले देते का नाई?"

पडद्याकडे तोंड करूनच तो म्हणाला, "देतात न आजी. पन भाकर नाई भेटत."

आजीनं त्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

"कुठचा व्हय रे तू?"

"मानोऱ्याकडचा. तांड्यावरचा. सेवालाल नाव माह्यं."

"मंग कालपासून माह्यासंगं इंग्रजी काहून फाडून राह्यला व्हता, गधड्या?"

झालं! त्या क्षणापासून गोजराबाईला जहाजावर नातेवाईक मिळाला. तशा ओळखी तिनं बऱ्याच केल्या होत्या. सुरतेच्या एका बाईशी तर चटणी देऊन ठेपले घेण्यापर्यंत मजल गेली होती. आणि जो भेटेल त्याला आजी सांगत असे, "या बरं कामरगावले." लोक हसून मान हलवत. पण सेवालालची गोष्ट वेगळी. तो खोलीत आला की आजी पलंगावर हात आपटून म्हणे, "बस." आणि तो म्हणे, "नियम नाई, आजी. पावन्याच्या खोलीत आमाले बसता येत नाई." मग तो उभ्याउभ्याच तळहातावर चटणी घेई. एक डोळा चटणीवर, एक बाहेरच्या बोळावर.

राखीला मात्र त्यानं एक गुपित शिकवलं. दाराच्या मुठीला अडकवायची एक पाटी होती. एका बाजूला झोपाळू चंद्र, दुसऱ्या बाजूला झाडू.

"झाडू दिसला का आमी आत येऊन साफसफाई कराची," सेवालाल म्हणाला. "अन् चंद्र दिसला का आत पाय टाकाचा नाई. कप्तान आला तरी नाई."

"कप्तान बी नाई?"

"कप्तान बी नाई."

तेव्हापासून राखीला पलंगावर उड्या मारायच्या असल्या, की ती आधी बाहेर चंद्र लावून येई.

तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि गोजराबाईला जहाज लागलं. काय सांगावं! खाल्लेलं सगळं बाहेर. ऋषिकेश स्वतःच डोकं धरून पडला होता. सेवालाल धावत आला. त्यानं फरशी पुसली, चादर बदलली, आल्याचा तुकडा आणून दिला, हिरव्या सफरचंदाच्या फोडी भरवल्या. पुन्हा तेच झालं, पुन्हा पुसलं. नाक मुरडलं नाही की कपाळाला आठी नाही. दुपार टळून गेली तेव्हा आजीला झोप लागली.

राखी पाणी आणायला बाहेर गेली. बोळाच्या टोकाला, चादरींनी भरलेल्या ढकलगाडीमागं, सेवालाल उभा होता. त्याच्या हातात कोरडा पाव होता आणि तो भराभरा चावत होता. राखीला पाहून त्यानं पाव पाठीमागं लपवला आणि हसला.

आजी जागी झाल्यावर राखीनं हे सांगितलं. आजी उठून बसली.

"ज्या पोट्ट्यानं माह्या ओकाऱ्या काढल्या," ती म्हणाली, "तो उभ्यानं सुका पाव खाते? राखी, याले एकडाव आपल्या घरी बसवाचं. मांडी घालून. माह्या हातची गरम भाकर वाढीन. तवर मले काई चैन पडनार नाई."

उतरायच्या दिवशी सेवालालनं राखीला एक भेट दिली. कोपरा मोडलेली जुनी पाटी. झोपाळू चंद्राची.

आता आपण कामरगावात येऊ. हिवाळ्याचे दिवस होते. आजीनं बोलावलेल्यांपैकी सुरतेची बाई आली नाही, आणखीही कुणी आलं नाही. पण सेवालाल सुटीवर आला होता आणि एका रविवारी कारंज्याहून जीपनं तो थेट दारात उतरला. दुसऱ्या दिवशी त्याला मुंबईला निघायचं होतं, म्हणून चारच्या जीपनं परत जाणं भाग होतं.

आजी सकाळपासून तयारीला लागली होती. वांग्याची भाजी, वरण, मिरचीचा ठेसा. भाकरीचं पीठ चाळून ठेवलेलं. पाटावर चादरीची घडी. ताटाभोवती रांगोळीसुद्धा.

"बस," आजी म्हणाली. "हितं तुह्या साहेबाचा नियम नाई."

सेवालाल बसला. आजीनं पहिली भाकर तव्यावर टाकली. तेवढ्यात वरणाच्या कुकरची शिट्टी झाली आणि सेवालाल स्प्रिंग लावल्यासारखा उठला. पाहता पाहता त्याच्या हातावर फडकं आलं. शेजारच्या पाटावर ऋषिकेश जेवत होता. त्याच्या उजव्या खांद्यामागं तो जाऊन उभा राहिला. ऋषिकेशनं एक घोट पाणी प्यायलं की पेला भरलाच.

"अरे बस न, भाऊ! पान्यानंच पोट भरून राह्यलं माह्यं."

"हो, बसतो न," म्हणत सेवालालनं त्याचा पेला पुन्हा भरला.

साधनानं अर्धा चहा पिऊन कप ओट्यावर ठेवला आणि मागं वळून पाहिलं, तर कप धुऊन पालथा. "अवं माय! माह्या चहात जीव व्हता अजून!" शेजारची भागिरथा जहाजावरचा माणूस पाहायला आली. सेवालालनं तिला खुर्ची दिली आणि ताटलीत गुंडाळी करून गरम ओला नॅपकिन पुढं धरला. भागिरथानं तो घेतला, उलगडला आणि कपाळावर ठेवून डोळे मिटले.

"मले कालपासून कसर हाय, अंग तापून राह्यलं," ती म्हणाली, "हे याले कसं समजलं व?"

ऋषिकेशला हसू आवरेना. राखीही खूप हसली. पण स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि तिचं हसू थांबलं. पहिली भाकर गार होऊन वाकली होती. दुसरीही. आजी पिठाच्या हातानं भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"काय झालं, आजी?"

"काई नाई. धूर लागला."

आता चुलीचा धूर डोळ्यांत जातो, हे खरं. पण त्या दिवशी चूल पेटवलीच नव्हती. भाकरी गॅसवर होती.

राखी अंगणात आली. सेवालाल झाडू घेऊन अंगण झाडत होता.

"दादा, तुमी बसत काहून नाई?"

त्यानं झाडू थांबवला. जरा विचार केला. "मले बी समजत नाई, बाई. इतके वर्सं लोकं बसलेले अन् मी उभा. आता लोकं जेवून राह्यले का माहे पायच मले बसू देत नाईत. घरी माह्यी याडी बी रडते. मंते, आई हाय मी तुह्यी, तुह्या जहाजावरची पावनी नाई, बस माह्यापाशी. बसतो, अन् काई वाजलं का उठतो." त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आजी रागावली का?"

"नाई. तिले धूर लागला."

"गॅसचा?"

सेवालालनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला, तरी हात मोकळे कसे ठेवायचे ते त्याला कळेना.

राखी धावत आत गेली. दप्तराच्या तळाशी पाटी होती. तिनं केसांची रिबीन सोडली, पाटीच्या गोल भोकातून ओवली आणि बाहेर आली.

"खाली वाका, दादा."

तो वाकला. राखीनं रिबीन त्याच्या गळ्यात बांधली. झोपाळू चंद्र त्याच्या छातीवर लोंबू लागला.

"हे काय व? पाटी दाराले असते."

"तुमीच सांगतलं व्हतं. चंद्र दिसला का कप्तान बी आतल्या मानसाले उठवत नाई."

"हो, पन..."

"मंग आज तुमी आतले. या सेवालालले कोनी उठवाचं नाई. तुमी बी नाई."

सेवालालनं मान वाकवून चंद्राकडे पाहिलं. हसावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. इतक्या वर्षांत या पाटीचा नियम मोडून तो कुठल्याच दारातून आत गेला नव्हता. तो मुकाट्यानं आत आला, पाटावर बसला आणि त्यानं मांडी घातली.

"आजी!" राखी ओरडली. "भाकर!"

आजीनं वळून पाहिलं आणि पिठाचे हात तसेच ठेवून झपाझप भाकर थापली. तव्यावरून उतरवली ती थेट त्याच्या ताटात. वाफ निघत होती. सेवालालनं तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला. तोंडात घालणार तोच साधनानं ठेवलेल्या दुसऱ्या कुकरची शिट्टी झाली. त्याचे गुडघे हलले. भागिरथानं नॅपकिनखालून एक डोळा उघडला. राखीनं नुसतं बोट पाटीवर ठेवलं. गुडघे पुन्हा खाली गेले.

मग मात्र तो जेवला. किती भाकरी खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही. आजी वाढत होती, "घे रे, अजून घे, वाळून गेला नुसता," आणि तो मान खाली घालून जेवत होता. मध्येच एकदा त्यानं बाहीनं डोळे पुसले. "ठेसा झनझनीत हाय, आजी," तो म्हणाला. ठेसा त्यानं अजून चाखलाही नव्हता.

ताट चाटूनपुसून लख्ख झालं. गोजराबाईनं मोठा सुस्कारा सोडला.

"झालं माह्यं काम. आता हात धू अन् जीप येईतवर आडवा हो. कायलेच हात लावू नको."

"हो, आजी," सेवालाल म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला. कोपऱ्यात उष्ट्या ताटांची चळत होती. मिठाई पाहावी तसा तो तिच्याकडे पाहत होता. त्याची बोटं मांडीवर चुळबुळत होती.

राखीनं आजीकडे पाहिलं. आजी सुखानं पाठ टेकून बसली होती. मग राखीनं सेवालालच्या बोटांकडे पाहिलं. ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि त्याच्या गळ्यातली पाटी हळूच उलटी केली. झाडूची बाजू वर.