झेंडूंनी मला पाडलं

हसा खुशाल, मित्रांनो. माजिवड्याच्या भंगाराच्या आवारात शेपूट तुटलेलं, एका कुशीला जळलेलं हे जे धूड पडलंय ना, ते मी, फवारणीचं जुनं हेलिकॉप्टर.

नवा होतो तेव्हा लोक टोप्या धरून कौतुकानं वर बघायचे. ऊस, केळी, द्राक्षं, सगळीकडे औषध मारत हिंडलो. मग ती चिमुकली ड्रोनं आली आणि मला कुणी विचारेना. म्हातारा म्हणे, तेलपिऊ म्हणे. म्हणोत बापडे! शेवटी उरली कल्याणपलीकडे काळू नदीकाठची भेंडी, आणि मला उडवायला उरली योगिनी.

ठाण्याजवळच्या दिवा गावात वाढलेली पोर. टँकरच्या रांगेत हंड्यासाठी भांडून मोठी झालेली, त्यामुळे कुणाला भीक घालायची नाही. उडायच्या आधी माझ्याभोवती फिरून एकेक नट हातानं चाचपायची. मला गुदगुल्या व्हायच्या, पण बरं वाटायचं.

त्या दिवशी भेंडीच्या मालकाच्या, महिपतशेठच्या लेकीची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे काय विचारता! शेताला लागूनच मांडव, सकाळपासून डीजे, अख्खा गाव गोळा. महिपतशेठ योगिनीकडे आला आणि फवारणी झाली की मांडवावर झेंडू टाका म्हणाला. तिनं नकार दिला. फूल, कागद, कापड, काहीही इंजिनात ओढलं जातं, हे नीट समजावूनही सांगितलं.

"पोरीची हलद हाय मॅडम. दोन मूठ फुलांनी काय बिघरंल?"

"नाही म्हणजे नाही, काका."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पण बापाचं मन ते, ऐकतंय कुठलं? योगिनी माझी तपासणी करून आत बसली आणि पट्टे आवळू लागली. तेवढ्यात हा मागून आला आणि झेंडूंनी भरलेली गोणी औषधाच्या टाकीमागे बांधून गेला. तोंड मुद्दाम सैल ठेवलं, वर गेल्यावर फुलं आपोआप पडावीत म्हणून. मी बोंब मारली असती, पण मला तोंड कुठंय?

मांडवावरून वळताना गोणी सुटली. ओले झेंडू माझ्या हवेच्या जाळीवर भसाभस आदळले, मागोमाग गोणपाट येऊन चिकटलं. माझा श्वासच कोंडला. धाड धाड दोन बार झाले आणि इंजिन मेलं.

खाली लोक हात वर करून नाचत होते. फुलं पडत होती ना! त्यांना वाटलं, शेठनं हौस केली.

इंजिन गेलं तरी खालून येणाऱ्या वाऱ्यावर माझी पाती थोडा वेळ फिरतात. योगिनीनं पात्यांचा कोन बदलणारा दांडा झटक्यात खाली दाबला म्हणून मी दगडासारखा पडलो नाही. सपाट जागा एकच होती, मांडवापुढचं नाचायचं अंगण. तिथं टेकली असती तर ती धडधाकट राहिली असती आणि माझ्या पात्यांनी माणसं भाजीसारखी चिरली असती. तिनं दात-ओठ खाऊन मला डावीकडे ओढलं, कापलेल्या भाताच्या बांधांवर.

माझा पाय बांधात अडकला. मी कुशीवर आपटलो. पात्यांनी जमीन फोडली, एक पातं तुटून माझीच शेपूट कापत गेलं, दुसऱ्यानं काच फोडली. दरवाजा आत चेपला आणि योगिनीचा पाय माझ्या पत्र्याखाली चिरडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेल तिच्या अंगावर गळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

महिपतशेठ धावत आला. नुसत्या हातांनी त्यानं पत्रा उचकटला, बोटं सोलवटली, हळदीच्या सदऱ्यावर रक्ताचे ओघळ आले. तिला बांधापलीकडे नेलं न नेलं तोच माझा भडका उडाला.

मांडवातल्या कुणालाही ओरखडा आला नाही. योगिनीचा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. हे मला ती कुबड्या घेऊन इथं भेटायला आली तेव्हा कळलं. महिपतशेठ सोबत होता. गोणी आपणच बांधली हे त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, तरी त्याचं रडं थांबत नव्हतं. पोरी, तुझ्यासाठी मी काय करू, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"मी नाही म्हटलेलं, काका," ती म्हणाली. "तेवढंच ऐकायचं होतं."

मित्रांनो, यंत्रांना तेलपाणी करा, जपा. पण यंत्र चालवणारं माणूस नाही म्हणालं, तर तो नकार प्रेमापोटीसुद्धा मोडू नका. मला काय, भंगारवाला उद्या कापून टाकेल. योगिनीला अजून उडायचंय.